इंटिरियर डिझाइनला शिक्षण कशाला लागतं?

दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस आम्हा शिक्षकांची वेगळीच शाळा भरते. पालक येतात, मुलं येतात, कुणी पेढे घेऊन येतं, कुणी नुसतेच प्रश्न घेऊन. सायन्स घ्यावं की कॉमर्स, डिप्लोमाला जावं की अकरावीला, हे प्रश्न नेहमीचेच. पण अलीकडे दरवर्षी एक-दोन मुलं तरी हळूच सांगतात, "मॅडम, मला इंटिरियर डिझाइन करायचंय." आणि ते ऐकलं की शेजारी बसलेल्या आई-वडिलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

"पडदे निवडायला कोर्स लागतो का?" "हे तर कुणालाही जमतं." "बाकी काही नाहीच मिळालं तर बघू." आणि मुलगी असेल तर हमखास, "बरं आहे, लग्नानंतर घरबसल्या करता येईल."

पालकहो, मी मराठी शिकवते. प्लायवूड, विजेच्या तारा, फरशा हा माझा विषय नव्हे. तरीही या विषयावर लिहावंसं वाटलं, कारण हा व्यवसाय मी आमच्याच घरात फार जवळून पाहिला आहे. शिकलेल्या माणसाच्या कामाने घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाचं जगणं कसं बदलतं, हे मी चार वर्षं रोज बघत होते.

सजावट आणि रचना

भाषेची शिक्षिका आहे, म्हणून शब्दांपासूनच सुरुवात करते. आपण 'घर सजवणं' आणि 'इंटिरियर करणं' हे एकाच अर्थाने बोलतो. खरं तर दोन्हींत बराच फरक आहे.

गणपतीला आपण आरास करतो. ती सुंदर असते आणि दहा दिवसांची असते. आरास थोडी चुकली तर फार तर फोटो बरा येत नाही. घराच्या आतली रचना मात्र रोजची असते. ओटा चार इंच खाली झाला तर वीस वर्षं पाठ दुखते. न्हाणीघराची फरशी चुकली तर पाय घसरतो. तारेची जाडी चुकली तर भिंतीच्या आत तार तापते, आणि ते कुणाला दिसतही नाही. रचना चुकली की त्याची किंमत घरातल्या माणसांच्या अंगाला मोजावी लागते, आणि बऱ्याचदा ती सगळ्यात अशक्त माणूस मोजतो.

पडदे आणि रंग हा या कामाचा भाग आहेच, नाही असं नाही. पण तो शेवटचा भाग. जसं आपण निबंध तपासताना अक्षर बघतो, पण मार्क देतो ते मजकुराला.

"आमच्या आजीनं कुठं कोर्स केला होता?"

हा प्रश्न मला अगदी हमखास विचारला जातो. आणि प्रश्न चुकीचा नाही. आपल्या जुन्या घरांची रचना खरोखर विचारपूर्वक केलेली होती. ओसरी किंवा पडवी बाहेरच्या माणसासाठी, माजघर घरच्यांसाठी. भिंतीतच कोनाडा, म्हणजे दिवा ठेवायला वेगळं टेबल नको. पागोट्यासाठी, पिशवीसाठी हाताच्या उंचीवर खुंटी. फडताळ, मांडणी, पोटमाळा, प्रत्येकाची जागा ठरलेली. वाड्याच्या मधला चौक म्हणजे उजेड आणि वारा घरात आणायची सोय. पुण्याचा विश्रामबागवाडा किंवा वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा बघायला मुलांना नेलंत, तर केवळ इतिहास म्हणून दाखवू नका. चौकात उभं राहून ऊन कुठून येतंय आणि वारा कुठे जातोय तेही बघायला सांगा.

पण हे शहाणपण आजीला आपोआप आलेलं नव्हतं, आणि घर बांधणाऱ्यालाही नाही. गवंडी आणि सुतार दहाव्या-बाराव्या वर्षापासून बापाच्या हाताखाली शिकायचे. ओळंबा कसा धरायचा, गुण्या कसा लावायचा, कोणतं लाकूड पावसात फुगतं, हे पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं जायचं. शाळा नव्हती, पण शिक्षण होतं. ते चांगलं दहा-पंधरा वर्षांचं होतं.

मग बदललं काय? साहित्य बदललं, घरं बदलली. त्या जुन्या ज्ञानात आरसीसीचे खांब नव्हते, प्लायवूड नव्हतं, गीझर आणि एसी नव्हते, सहाव्या मजल्यावरचं संडास-बाथरूम नव्हतं. आजोबांच्या अनुभवात जे नाही, ते कुठेतरी शिकावंच लागणार.

अण्णांचं न्हाणीघर

आमच्या सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. निवृत्त तलाठी, स्वभावाने ताठ. त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आले तेव्हा वॉकर घेऊन चार पावलं टाकू शकत होते. डॉक्टरांनी सांगितलं, जपा, पडू देऊ नका. अण्णांनी मात्र एकच विचारलं, "मला एकट्याला संडासला जाता येईल ना?"

ज्या घरात असा माणूस आहे त्यांना या प्रश्नाचं वजन कळेल. औषध, पथ्य, व्यायाम सगळं अण्णा मुकाट्याने करत होते. पण सुनेनं किंवा मुलानं धरून तिथं न्यायचं, हे त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं. पाणी कमी प्यायला लागले. का, ते आम्हाला दोन दिवसांनी कळलं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी इंटिरियर डिझाइनचं काम करते. दहावीनंतर डिप्लोमा, मग दोन ठिकाणी नोकरी आणि आता स्वतःचं छोटं काम. तिला फोन केला. ती आली, टेप घेऊन. मला वाटलं ही आता खोली मोजणार. तिनं आधी अण्णांना मोजलं. म्हणजे त्यांच्या परवानगीनेच! ते कॉटवर बसले की गुडघ्यापर्यंत उंची किती, वॉकरची रुंदी किती, उभं राहून डावा हात कुठवर पोचतो.

मग विचारलं, "आजोबा, उठताना कुठल्या हातावर जोर देता?"

"डाव्या. उजवा आता शोभेचा." अण्णा म्हणाले.

आमच्या ओळखीचा प्लंबर तोवर उजवीकडच्या भिंतीवर आधाराची दांडी बसवायला निघाला होता, कारण भिंत त्या बाजूला जवळ होती. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पण ज्या हातात जोरच नाही त्या बाजूला दांडी असून उपयोग काय? डाव्या बाजूला भिंत लांब होती. तिथे तिनं मागच्या भिंतीला बसणारी, वापरून झाली की वर उचलता येणारी दांडी घेतली. टॉवेलच्या रॉडला कधीच हात लावायचा नाही, हे अण्णांना बजावलं. तो रॉड टॉवेलचं वजन पेलायला केलेला असतो, माणसाचं नाही. माणसानं भार टाकला की स्क्रूसकट हातात येतो.

पुढचा मुद्दा मला आजही आठवला की अंगावर काटा येतो. न्हाणीघराचं दार आत उघडत होतं. आपल्याकडे बहुतेकांचं असंच असतं. ती म्हणाली, "मॅडम, आत माणूस पडला तर तो दारामागेच पडतो. मग बाहेरून दार ढकलताच येत नाही." दार बाहेर उघडणारं केलं आणि कडी बाहेरूनही उघडता येईल अशी बसवली.

मग बाकीची कामं. दाराशी असलेला उंबरा काढून तिथे हलका उतार. ओली झाली तरी पकड देणारी, थोडी खरखरीत फरशी. कमोडची बैठक साधारण १८ इंचांपर्यंत उंच केली, म्हणजे गुडघ्यांवर ताण कमी. पांढऱ्या फरशीवर पांढरं कमोड म्हाताऱ्या डोळ्यांना नीट दिसत नाही, म्हणून बैठक गडद निळ्या रंगाची. साबण आणि मग बसल्या जागी डाव्या हाताला येतील असे. कॉटपासून न्हाणीघरापर्यंत पायाशी मंद दिवे, त्यांचं बटण उशाशी. आणि वाटेतली सगळी पायपुसणी घराबाहेर! आमच्या सासूबाईंना तेवढं एक पटलं नाही.

काम आठवड्यात झालं. खर्च एका बऱ्यापैकी सोफ्यापेक्षा कमी. त्यात फोटो काढून दाखवावं असं काहीही नव्हतं. कुणी पाहुणे आले आणि म्हणाले, "वा, काय इंटिरियर केलंय!" असं एकदाही झालं नाही. पण अण्णा त्यानंतर चार वर्षं होते, आणि ती चारही वर्षं ते एकटे गेले आणि एकटे आले.

हे तिला कसं सुचलं, मी विचारलं. ती म्हणाली, "सुचलं नाही मॅडम, शिकवलं होतं." दुसऱ्या वर्षाला त्यांना वृद्ध माणसासाठी घर आखायचा प्रकल्प होता. सरांनी मुलांच्या गुडघ्यांना घट्ट बँडेज बांधायला लावलं, चष्म्याच्या काचांना व्हॅसलीन लावलं आणि तसंच दिवसभर कॉलेजात वावरायला सांगितलं. जिने चढा, नळ उघडा, बटण शोधा. संध्याकाळी प्रत्येकाने काय काय अडलं ते लिहून काढायचं. मला वाटतं, कुठल्याही विषयाचा इतका चांगला गृहपाठ मी क्वचितच ऐकला असेल.

सुताराचा सवाल

गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीला हाच डिप्लोमा करायचा होता. तिचे वडील सुतारकाम करतात. मला वाटलं होतं त्यांना आनंद होईल. ते भेटायला आले ते मात्र रागातच.

"मॅडम, चौदा वर्षांचा असल्यापासून रंधा मारतोय. हे डिझायनर लोक येतात, मोबाईलवर फोटो दाखवतात, अस्सं करा म्हणतात, आणि आमच्याहून जास्त पैसे घेऊन जातात. लाकडाला हात लावत नाहीत. माझ्या पोरीनं तेच करायचं काय?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. फोटो दाखवून 'अस्सं करा' म्हणणारे सगळीकडे आहेत. मी एवढंच विचारलं, "सगळेच तसे असतात का हो?"

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सगळे नाहीत. एक बाई होत्या. त्यांचा नकाशा हातात आला की काम पळायचं." आणि त्यांनी मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते.

प्लायवूडची मोठी शीट आठ फूट बाय चार फूट असते. चार फूट म्हणजे ४८ इंच. कपाटाची खोली पावणेचोवीस इंच धरली तर एका शीटमधून दोन पट्ट्या निघतात, करवतीच्या पात्यात जाणारी जाडी धरूनसुद्धा. पण नकाशावर कुणी २५ इंच लिहिलं, की एकच पट्टी निघते आणि २३ इंचांचा तुकडा उरतो. तो त्या मापाला चालत नाही. सव्वा इंचासाठी जवळजवळ अर्धी शीट बाजूला पडते. अशा दहा शीट लागल्या की घरमालकाचे किती पैसे गेले, याचा हिशेब करा.

"त्या बाईंनी प्रत्येक शीट कुठे कापायची तेसुद्धा काढून दिलं होतं," ते म्हणाले. "आणि सिंकखालच्या कपाटाला वेगळं प्लाय लिहिलं होतं, पाण्यात टिकणारं. दुसऱ्या एका ठिकाणी साधंच लावायला सांगितलं. मी म्हणालो फुगेल, तर म्हणे स्वस्तात करा. दोन पावसाळ्यांत फुगलं. आणि शिव्या कुणाला? सुताराला."

बोलता बोलता त्यांनीच आपल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. शिकलेला कोण आणि नुसता फिरणारा कोण, हे सुताराइतकं कुणाला कळत नाही. जाताना म्हणाले, "शिकू दे. पण आधी महिनाभर माझ्याबरोबर साइटवर येईल." ती खरंच गेली. जूनमध्ये दाखला न्यायला आली तेव्हा केसांत भुसा होता आणि बोटाला पट्टी. खुशीत होती. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आता तिला रंधा आणि पटाशी यांतला फरक कुणी सांगावा लागत नाही.

एका स्वयंपाकघराचा अभ्यास

या विषयात अभ्यास किती बारीक असू शकतो, याचं एक जगप्रसिद्ध उदाहरण सांगते. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची फार टंचाई होती. फ्रँकफुर्ट शहराने कामगार आणि सामान्य कुटुंबांसाठी हजारो छोटी घरं बांधायला घेतली. त्यांच्या स्वयंपाकघराचं काम मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंकडे आलं. वर्ष १९२६.

जागा होती जेमतेम ६ फूट रुंद आणि ११ फूट लांब. बाईंनी स्वयंपाक करताना किती पावलं चालावं लागतं, कोणत्या कामाला किती वेळ लागतो, याच्या घड्याळ लावून घेतलेल्या नोंदी अभ्यासल्या. रेल्वेच्या भोजनडब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघर बघितलं. मग ओटा, सिंक, कपाटं, पीठ-साखरेचे खण असे बसवले की कामाचा क्रम तुटू नये आणि हेलपाटे कमी व्हावेत. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची मुळं तिथे आहेत.

या स्वयंपाकघरावर पुढे टीकाही झाली. जागा एकाच माणसाला पुरेशी, म्हणून घरातली बाई आत एकटी पडते आणि मदतीला दुसरं कुणी उभं राहू शकत नाही, असं लोक म्हणाले. मला ही टीकाही महत्त्वाची वाटते. ओटा कुठे ठेवायचा यावरून घरात कोण कुणाशी बोलणार आणि कोण कुणाला मदत करणार हे ठरत असेल, तर ते काम कुणाच्याही हाती सोपवण्यासारखं नक्कीच नाही.

"हे सगळं श्रीमंतांचं," असंही काही पालक म्हणतात. मला नेमकं उलट वाटतं. ज्याच्याकडे चार खोल्या आहेत त्याची एक खोली चुकली तरी चालतं. मुंबईत वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या गेल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आठ-दहा माणसांचे संसार झाले. पोटमाळा, घडीची कॉट, कॉटखालच्या ट्रंका, कोपऱ्यातली मोरी, दाराबाहेरची गॅलरी, हे सगळं त्या लोकांनी गरजेतून शोधलेलं आहे. आता तिथे पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत. अशा घरात जाणाऱ्या कुटुंबाला आयुष्यातली पुंजी आतल्या कामात घालावी लागते. ते काम एकदाच होतं. चुकलं तर दुसऱ्यांदा करायला पैसे नसतात. म्हणजे चांगल्या डिझायनरची गरज कुणाला जास्त आहे, तुम्हीच सांगा.

मुलं नेमकं काय शिकतात?

माझ्या विद्यार्थिनीच्या वह्या आणि नकाशे मी मागून घेऊन बघितले. त्यात काय होतं ते थोडक्यात लिहिते.

माणसाच्या शरीराची मापं होती. उभा, बसलेला, वाकलेला, चाकाच्या खुर्चीतला माणूस. अशी खुर्ची आरामात जायला दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर लागते आणि पूर्ण वळायला सुमारे दीड मीटरची जागा. जिन्याची पायरी किती उंच आणि किती रुंद असावी, याचे राष्ट्रीय इमारत संहितेतले नियम होते.

विजेचा भाग होता. दिव्यांना साधारण १.५ चौरस मिलिमीटरची तार, जड उपकरणांच्या प्लगला २.५, गीझर-एसीला बहुधा ४. शॉक लागला तर वीज तोडणारं ३० मिलिअँपिअरचं उपकरण मेन बोर्डात का हवं, हेही. डिझायनर स्वतः वायरिंग करत नाही, ते परवानाधारक वायरमनचं काम. पण मिक्सरचं बटण सिंकच्या शेजारी यायला नको, हे नकाशावर ठरवणारी तीच असते.

साहित्य होतं, प्लायच्या प्रती, दगड, रंग, काच, त्यांचं आयुष्य आणि आगीत त्यांचं काय होतं ते. उजेड, वारा आणि आवाज यांचा अभ्यास होता. दरपत्रक कसं काढायचं, करार कसा लिहायचा, हेही होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपण काय करायचं नाही ते. भिंत पाडायची म्हटलं की आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारायचं. खांब आणि तुळईला हात लावायचा नाही. आपल्या ज्ञानाची हद्द कुठे संपते हे कळणं, हीसुद्धा शिक्षणाची खूण आहे.

मराठीची शिक्षिका म्हणून मला आणखी एक जाणवलं. या कामाला भाषा लागते. घरमालक म्हणतो, "जरा मोकळं मोकळं वाटलं पाहिजे." याचा अर्थ कपाटं कमी की उजेड जास्त? ते खोदून विचारावं लागतं. गवंड्याशी, सुताराशी त्याच्या शब्दांत बोलावं लागतं. आणि जे ठरलं ते कागदावर असं लिहावं लागतं की नंतर भांडण होऊ नये. माझी विद्यार्थिनी गमतीने म्हणते, "मॅडम, तुम्ही शिकवलेलं पत्रलेखन मी रोज करते."

पालकांनी काय बघावं?

आपल्या देशात १९७२ सालचा आर्किटेक्ट कायदा आहे. वास्तुकला परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय कुणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. इंटिरियर डिझायनरसाठी असा कायदा नाही. त्याच वर्षी म्हणजे १९७२ मध्येच इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन इंटिरियर डिझायनर्स ही व्यावसायिकांची संस्था सुरू झाली आणि ती चांगलं काम करते, पण तिचं सदस्यत्व कायद्याने सक्तीचं नाही. म्हणजे उद्या कुणीही कार्ड छापून डिझायनर होऊ शकतो. म्हणूनच आपल्या मुलाने पक्कं शिक्षण घेणं जास्त गरजेचं आहे. कायदा गाळणी लावत नाही तेव्हा माणसाचं कामच त्याची ओळख ठरतं.

वाटा बऱ्याच आहेत. काही आयटीआयमध्ये दहावीनंतर एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची पदविका आहे. मुंबईच्या १८५७ सालच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात अंतर्गत सजावटीचं शिक्षण अनेक वर्षांपासून दिलं जातं. बारावीनंतर चार वर्षांची डिझाइनची पदवी आहे. अहमदाबादची एनआयडी आणि सेप्ट विद्यापीठ या नावाजलेल्या संस्था आहेत, त्यांना वेगळी प्रवेशप्रक्रिया असते. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना मुलांना आवर्जून बसवा. नुसत्या वाढीव गुणांसाठी नको. हात आणि नजर तयार होण्यासाठी त्यांचा खरा उपयोग आहे.

संस्था बघायला गेलात की चार प्रश्न विचारा. अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची आहे? वर्कशॉप आहे का, आणि ते चालू आहे का? मुलांना चालू साइटवर नेतात का? शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष कामाचा अनुभव किती महिन्यांचा? कॉम्प्युटरवर छान चित्र काढायला तीन महिन्यांत शिकता येतं. ते उपयोगाचंही आहे. पण ते शिकणं म्हणजे डिझाइन शिकणं नव्हे. सुंदर टाइप केलेल्या निबंधात विचार असतोच असं नाही, तसंच हे.

आणि मुलांपासून काही लपवू नका. पहिली काही वर्षं पगार कमी असतो. साइटवर धूळ, ऊन आणि आवाज असतो. कामगार येत नाहीत, माल वेळेवर पोचत नाही, मालक ऐनवेळी मन बदलतो, शेवटचा हप्ता अडकतो. मुलींना साइटवर सुरुवातीला कुणी गंभीरपणे घेत नाही, त्यांना कामातून जागा मिळवावी लागते. 'घरबसल्या' हा शब्द या व्यवसायात शोधूनही सापडत नाही.

वर्गात करता येईल असं काही

शिक्षक मित्रांनो, आठवी-नववीच्या मुलांना मी एक उपक्रम देते. तुम्हीही करून बघा. घरातली एक खोली टेपने मोजायची. एक फुटाला एक सेंटिमीटर असं प्रमाण धरून चौकटीच्या वहीत नकाशा काढायचा. दारं, खिडक्या आणि दार कुठल्या बाजूला उघडतं तेही दाखवायचं. सकाळी आणि संध्याकाळी उजेड कुठे पडतो ते रंगवायचं. मग घरातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात म्हाताऱ्या माणसाची मुलाखत घ्यायची. या खोलीत तुम्हाला काय अडचण होते? शेवटी एक पान लिहायचं, मी काय बदलेन आणि का. गणित, चित्रकला आणि मराठी, तिन्ही विषय एका कामात होतात. खर्च शून्य.

या उपक्रमात मुलं जे लिहितात ते वाचून मी दरवेळी थबकते. एका मुलीला कळलं की घरातला एकमेव चांगला उजेड टीव्हीच्या कोपऱ्यात येतो आणि ती अभ्यासाला अंधारात बसते. एका मुलाने खोलीतल्या सगळ्या फळ्यांची उंची मोजली आणि खाली लिहिलं, "आमच्या घरात आजीच्या हाताला येईल असं काहीच नाही." त्याने तिच्या औषधांचा डबा दोन फूट खाली आणला, आणि नकाशावर त्या जागी बाण काढून माप लिहिलं.

असं मूल उद्या इंटिरियर डिझाइन शिकायचं म्हणालं, तर त्याला कुठला फॉर्म भरायचा ते सांगा.